माझ्याकडे बिल्ड होतं, तिच्याकडे का चालत नाही?

मागच्या अंकात सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, सॉफ्टवेअर बिल्ड करण्याबद्दल ओझरतं लिहिलं होतं, आणि या वेळी जवळजवळ सगळे प्रश्न त्याच विषयावर आलेत. वरवर पाहिलं तर कुणाची अडचण विंडोजची, कुणाची मॅकची, कुणाची छोट्या एआरएम (इंटेलहून वेगळ्या प्रोसेसरच्या) बोर्डाची. पण सगळे प्रश्न एकत्र वाचल्यावर मला तरी एकच गोष्ट दिसली, की बिल्ड करताना आपल्या मशीनवरचं खूप काही न सांगता त्या बायनरीत, म्हणजे तयार होणाऱ्या चालत्या फाइलीत, शिरतं आणि ते काय शिरलं हे आपल्याला दुसऱ्याच्या मशीनवर कळतं. म्हणून उत्तरं देताना मी सतत तिकडेच बोट दाखवणार आहे.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक इमेज व्ह्यूअर सोर्सवरून बिल्ड करतोय. कॉन्फिगर (बिल्डच्या आधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) म्हणतंय पीएनजी चित्रांची लायब्ररी लिबपीएनजी सापडली नाही, पण ती तर इन्स्टॉल आहे, बाकीचे प्रोग्राम तीच वापरतायत! तीन वेळा परत इन्स्टॉल करून झाली.

उत्तर : तुझं काही चुकलेलं नाही, एकाच नावाच्या मागे दोन गोष्टी असतात एवढंच तुला कुणी सांगितलेलं नाही. प्रोग्राम चालवायला फक्त लायब्ररीची .एसओ फाइल लागते, ती तुझ्याकडे आहे. पण बिल्ड करायला त्यातल्या फंक्शन्सची ओळख देणाऱ्या हेडर फाइल्स लागतात, आणि ती लायब्ररी नेमकी कुठे आहे हे पीकेजी-कॉन्फिग या लायब्ररी शोधणाऱ्या टूलला सांगणारी छोटी .पीसी फाइल लागते, आणि डेबियन, उबुंटूवर हे सगळं नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात, फेडोरावर ‘-डेव्हेल’ मध्ये. आर्चवर मात्र हेडर सोबतच येतात, म्हणून तिथल्या मित्राने ‘माझ्याकडे तर झालं’ म्हटलं तर तोही खरंच बोलतोय.

आणि कॉन्फिगर अडकलं की कॉन्फिग.लॉग उघडायची सवय लाव. त्या फाइलचा शेवट बघून बरेच जण गोंधळतात कारण शेवटी नुसती व्हेरिएबल्सची लांबलचक यादी असते, खरी एरर त्याच्या वर कुठेतरी मधे असते. लायब्ररीचं नाव सर्च कर, कॉन्फिगरने कुठली कमांड चालवली आणि कंपायलर काय म्हणाला हे जसंच्या तसं तिथे सापडतं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण सांगते. कॉन्फिगर यशस्वी झालं तरी शेवटी जो सारांश छापून येतो तो वाच, कारण सक्तीची नसलेली लायब्ररी मिळाली नाही तर बरीच सॉफ्टवेअर ते फीचर गुपचूप बंद करून पुढे जातात, आणि मिळाली तर तितक्याच गुपचूप जोडून घेतात. जे हवं ते ‘विथ’ आणि नको ते ‘विदाउट’ असं स्पष्ट लिहून द्यायचं, म्हणजे त्या दिवशी तुझ्या मशीनवर योगायोगाने काय पडलेलं होतं यावर बिल्ड अवलंबून राहत नाही. आणि प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, म्हणून स्वतःच्या होममधलं .लोकल फोल्डर दे, सुडो (ॲडमिनचे हक्क) लावायची गरजच पडणार नाही.

प्रश्न : मी उबुंटू २२.०४ वर एक टूल कंपाइल केलं, मस्त चालतं. सहकाऱ्याच्या उबुंटू २०.०४ वर कॉपी केलं तर ‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’. दोन्हीकडे तोच ६४ बिट इंटेल प्रोसेसर, दोन्हीकडे लिनक्स. मग फरक कशाचा? त्याच्या मशीनवर माझी जीलिबसी कॉपी केली तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, अजिबात करू नका. जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी त्या सिस्टिमवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या तळाशी असते, ती अर्धवट बदलली गेली की एलएस आणि सीपीसारख्या साध्या कमांडसुद्धा चालत नाहीत, आणि मग दुरुस्ती करायला लागणाऱ्या कमांडच हातात उरत नाहीत.

आता फरक कशाचा ते बघू. २२.०४ वर जीलिबसी २.३५ आहे आणि २०.०४ वर २.३१. जीलिबसी आपल्या फंक्शन्सना व्हर्जनचा शिक्का मारून ठेवते, आणि तुम्ही लिंक करता, म्हणजे प्रोग्राम लायब्ररीशी जोडता, तेव्हा वापरलेल्या प्रत्येक फंक्शनचा तुमच्या मशीनवरचा सगळ्यात नवा शिक्का तुमच्या बायनरीत उतरतो. जुनी बायनरी नव्या सिस्टिमवर चालावी यासाठी हे केलेलं आहे आणि ते काम ती चोख करते, पण उलट्या दिशेला काहीच हमी नाही. तुम्हाला वाटेल की मी तर एकही नवीन फंक्शन वापरलं नाही. बरोबर आहे, पण २.३४ मध्ये, म्हणजे २०२१ साली, पीथ्रेडची (थ्रेड चालवणारी) वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत मिसळली आणि प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या, मेनच्याही आधी चालणाऱ्या फंक्शनला नवा शिक्का मिळाला. त्यामुळे त्यानंतरच्या जीलिबसीवर बिल्ड केलेला अगदी ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा २.३४ मागतो. ही एरर इतक्या जणांना एकदम दिसायला लागली त्याचं कारण हेच.

यातून बाहेर पडायचे रस्ते आहेत आणि माझं मत स्पष्ट आहे, ज्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर चालायला हवं तिथेच बिल्ड करा. त्यासाठी जुनं मशीन सांभाळायची गरज नाही, डॉकर किंवा पॉडमॅनमध्ये डेबियन ११ चा कंटेनर, म्हणजे मशीनच्या आतली वेगळी छोटी सिस्टिम, घ्या, त्यात जीलिबसी २.३१ आहे, आत बिल्ड करा, बायनरी बाहेर काढा. पायथॉनवाल्यांनी हीच कल्पना मेनीलिनक्स नावाने नियमात बसवली, त्यांचं मेनीलिनक्स२०१४ हे सेंटओएस ७ च्या जीलिबसी २.१७ वर आधारलेलं आहे. झिग भाषेचा कंपायलर तर सी कोडसाठीही वापरता येतो आणि टार्गेटच्या नावापुढे जीलिबसीचं व्हर्जन लिहिलं की त्या व्हर्जनपुरतं लिंक करून देतो, छोट्या प्रोजेक्टला हे फार सोयीचं आहे.

दुसरा रस्ता स्टॅटिक लिंकिंगचा, सगळं एकाच फाइलमध्ये. पण जीलिबसीला स्टॅटिक करायला गेलात तर होस्टनेम शोधणारी फंक्शन्स चालू प्रोग्राममध्ये बाहेरच्या लायब्ररी उघडतात, लिंकर तशी वॉर्निंगही देतो आणि लोक ती दुर्लक्षित करतात. स्टॅटिकच हवं असेल तर मसल ही दुसरी सी लायब्ररी वापरा, अल्पाइन लिनक्स त्यावरच उभं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, मसलमध्ये नव्या थ्रेडला डीफॉल्ट स्टॅक (फंक्शन्सच्या कामाची मेमरी) १२८ केबी मिळतो, जीलिबसीवर तो साधारण ८ एमबी असतो, म्हणजे थ्रेडमध्ये खोल रिकर्शन करणारा प्रोग्राम जीलिबसीवर धडधाकट आणि मसलवर सरळ क्रॅश.

बायनरी पाठवायच्या आधी बायनरीत डोकावणाऱ्या ऑब्जडंपला कॅपिटल टी देऊन जीलिबसीच्या ओळी बघा, सगळ्यात मोठा आकडा दिसतो तोच तुमचा किमान व्हर्जन. सी++ असेल तर जीलिबसीएक्सएक्सच्या (सी++ च्या मूळ लायब्ररीच्या) ओळीही बघा, तिथेही हाच खेळ आहे.

प्रश्न : माझं बिल्ड नव्या लॅपटॉपवर झालं, जुन्या डेस्कटॉपवर सुरू होताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. दोन्हीकडे डिस्ट्रो आणि व्हर्जन सेम आहे.

उत्तर : मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) ‘मार्च=नेटिव्ह’ शोधा, बहुतेक सापडेलच. त्याचा अर्थ ‘मी आत्ता ज्या प्रोसेसरवर बसलोय त्याच्या सगळ्या सूचना वापर’, आणि जुन्या प्रोसेसरला त्यातल्या काही, एव्हीएक्स२ वगैरे, येतच नाहीत. ते काढा, मेक क्लीन करा आणि सगळं पुन्हा बिल्ड करा, अर्धं नवं अर्धं जुनं ठेवू नका. वेग खरंच महत्त्वाचा असेल तर चालू असताना प्रोसेसर तपासून योग्य फंक्शन निवडणारा कोड लिहितात, चांगल्या मीडिया लायब्ररी तेच करतात.

प्रश्न : ताई, लिनक्सवर लिहिलेलं माझं सी मधलं बॅकअप टूल विंडोजवर न्यायचंय. एमसिस२, मिनजीडब्ल्यू, सिगविन, व्हिज्युअल सी++ इतकी नावं ऐकली की डोकं गरगरतं. एमसिस२ मध्ये कसंबसं बिल्ड केलं, माझ्याकडे चाललं, मैत्रिणीकडे ‘लिबविनपीथ्रेड-१.डीएलएल मिसिंग’. आणि २ जीबीच्या वरच्या फाइलवर टूल चुकीचं वागतंय, लिनक्सवर असं कधीच झालं नाही.

उत्तर : तुमच्या पत्रात खरं तर तीन प्रश्न आहेत आणि तिसरा सगळ्यात गंभीर आहे, कारण टूल बॅकअपचं आहे.

नावांचा गोंधळ आधी सोडवू. सिगविन विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण उभं करतं आणि प्रोग्राम त्याच्या डीएलएलवर (विंडोजवरच्या लायब्ररी फाइलीवर) चालतो. मिनजीडब्ल्यू म्हणजे लिनक्सवरचा जीसीसी कंपायलरच, पण थेट विंडोजचा प्रोग्राम बनवणारा. एमसिस२ ही त्या मिनजीडब्ल्यूसोबत शेल, पॅकेज मॅनेजर, हजारो तयार लायब्ररी देणारी जागा. आणि व्हिज्युअल सी++ हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कंपायलर. सी++ च्या लायब्ररी मिनजीडब्ल्यू आणि व्हिज्युअल सी++ मध्ये मिसळता येत नाहीत, एकच घर निवडायचं. लिनक्सवरून येणाऱ्याला मी एमसिस२ च सुचवते, फक्त स्टार्ट मेनूत त्याच्या चार-पाच खिडक्या दिसतात त्यातली यूसीआरटी६४ वाली उघडा. नुसत्या ‘एमसिस’ नावाच्या खिडकीत बिल्ड केलंत तर प्रोग्राम एमसिसच्या डीएलएलला बांधला जातो.

मैत्रिणीकडचा प्रॉब्लेम त्या खिडकीमुळेच लपला होता. तुमच्या एमसिसच्या टर्मिनलमध्ये पाथ (फाइली कुठे शोधायच्या ती यादी) आधीच सेट असतो त्यामुळे सगळ्या डीएलएल सापडतात. साध्या कमांड प्रॉम्प्टमधून चालवून बघितलं असतं तर तुमच्याच मशीनवर एरर आली असती, आणि मी प्रत्येकाला तेच सांगते, टेस्ट नेहमी बिल्डच्या खिडकीबाहेर करा. एलडीडी चालवून लागणाऱ्या डीएलएलची यादी घ्या, विंडोजच्या स्वतःच्या सोडून बाकी डीएलएल प्रोग्रामशेजारी ठेवा, किंवा लिंक करताना ‘स्टॅटिक’ द्या.

आता २ जीबी. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर सी मधला ‘लाँग’ ६४ बिटांचा असतो, ६४ बिट विंडोजवर मात्र तो ३२ बिटांचाच आहे. एफसीक आणि एफटेल फाइलमधली जागा ‘लाँग’ मध्ये मोजतात, ३२ बिटांत २ जीबीच्या पुढचा आकडा मावत नाही. कंपायलर एक शब्दही बोलत नाही, प्रोग्राम चालतोही, फक्त मोठ्या फाइलवर चुकतो, आणि बॅकअपमध्ये हे कळतं कधी तर फाइल परत काढायची वेळ येते तेव्हा. कोडमधला प्रत्येक ‘लाँग’ शोधून बघा, आकार ठरलेला हवा तिथे इंट६४_टी घ्या, पॉइंटर साठवायचा तिथे इंटपीटीआर_टी, आणि फाइलसाठी विंडोजवर ६४ बिटवाली सीक-टेल फंक्शन्स आहेत ती वापरा. हे केल्याशिवाय ते टूल कुणाला देऊ नका, कळकळीने सांगतेय.

त्याच बैठकीत अजून दोन ठिकाणं तपासून घ्या. फाइल उघडताना ‘आर’ च्या जागी ‘आरबी’ आहे ना, कारण विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये ओळींचे शेवट बदलले जातात आणि कंट्रोल-झेडचा बाइट आला की वाचणं तिथेच थांबतं. आणि साधं एफओपन विंडोजवर फाइलचं नाव जुन्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) समजून घेतं, त्यामुळे देवनागरी नावाची फाइल त्याला सापडतच नाही. विंडोज १० च्या १९०३ व्हर्जनपासून प्रोग्रामच्या मॅनिफेस्ट फाइलीत यूटीएफ-८ मागता येतं, नाहीतर रुंद अक्षरांची वेगळी फंक्शन्स वापरायची.

प्रश्न : मॅकवर बिल्ड केलेला प्रोग्राम दुसऱ्या मॅकवर ‘लायब्ररी नॉट लोडेड’ म्हणतो. शिवाय माझा मॅक ॲपल सिलिकॉनचा, काही मित्रांचे इंटेलचे.

उत्तर : ओटूल या कमांडला कॅपिटल एल देऊन बायनरी बघा, त्यात ‘ऑप्ट होमब्रू’ ने सुरू होणारे पाथ दिसतील. मॅकवर लायब्ररीचा पूर्ण पाथच बायनरीत लिहिला जातो, आणि मित्राकडे होमब्रू (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) नसेल, किंवा इंटेल मॅकवर यूएसआर-लोकलमध्ये असेल, तर तो पाथ तिथे अस्तित्वातच नाही. लायब्ररी प्रोग्रामसोबत ठेवून इन्स्टॉल-नेम-टूलने पाथ प्रोग्रामच्या जागेपासून मोजणारा करून घ्या. त्याने कोडची सही मोडू शकते, आणि ॲपल सिलिकॉनवर सही नसलेला प्रोग्राम सिस्टिम सरळ ठार करते, म्हणून शेवटी कोडसाइनने निदान तात्पुरती सही करा.

दोन्ही प्रोसेसरसाठी क्लँग कंपायलरला एकाच वेळी दोन आर्किटेक्चर देता येतात, सीमेक या बिल्ड टूलमध्ये त्यासाठी वेगळं व्हेरिएबल आहे. पण होमब्रूच्या लायब्ररी एकाच आर्किटेक्चरच्या असतात, त्यामुळे डिपेंडन्सी असतील तर त्या स्वतः दोनदा बिल्ड करून लिपो या टूलने जोडाव्या लागतात. आणि डिप्लॉयमेंट टार्गेट, म्हणजे किमान मॅकओएस व्हर्जन, ठरवून द्या, नाही दिलंत तर तुमच्या आजच्या मॅकओएसच्या आसपासचं व्हर्जन धरलं जातं आणि जुनं व्हर्जन ठेवलेले मित्र बाहेर राहतात.

प्रश्न : एआरएम बोर्डावर बिल्ड करायला तासन् तास लागतात म्हणून लॅपटॉपवरच बोर्डासाठी कंपाइल, म्हणजे क्रॉस कंपाइल, करायला घेतलं. होस्ट आणि टार्गेट यात काय द्यायचं कळत नाही, आणि शेवटी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू आरपीएल_मॅलॉक’. मेमरी मागायचं मॅलॉक फंक्शनच नाही असं कसं होईल?

उत्तर : या एररपाशी मी स्वतः पूर्वी दोन दिवस घालवलेत, त्यामुळे नीट सांगते.

कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या ऑटोकॉन्फच्या भाषेत ‘बिल्ड’ म्हणजे जिथे कंपाइल होतंय ते मशीन, ‘होस्ट’ म्हणजे जिथे तो प्रोग्राम चालणार ते. ‘टार्गेट’ फक्त कंपायलरसारखी टूल्स बनवतानाच लागतो. म्हणजे तुम्हाला फक्त होस्ट द्यायचाय, ६४ बिट बोर्ड असेल तर ‘एआर्च६४-लिनक्स-ग्नू’.

कॉन्फिगर अनेक गोष्टी छोटे प्रोग्राम बनवून, ते चालवून ठरवतं. क्रॉसमध्ये एआरएमचा प्रोग्राम तुमच्या इंटेल लॅपटॉपवर चालणार कसा? मग ते अंदाज घेतं, आणि मॅलॉकला शून्य बाइट मागितले तर काय मिळतं या एका परीक्षेत जुने कॉन्फिगर वाईटात वाईट उत्तर धरून मॅलॉकच्या जागी स्वतःचं आरपीएल_मॅलॉक वापरायला सांगतात, जे त्या प्रोजेक्टने लिहिलेलंच नसतं. उत्तर आपण आधीच देऊन ठेवायचं, कॉन्फिगरच्या आधी एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल हे व्हेरिएबल (सगळं इंग्रजीच्या लहान अक्षरांत) ‘येस’ करायचं. अशी बाकी उत्तरंही एका फाइलमध्ये साठवता येतात.

याहून फसवी गोष्ट म्हणजे पीकेजी-कॉन्फिग. त्याला सांगितलं नाही तर ते तुमच्या लॅपटॉपच्याच लायब्ररींचे पत्ते देतं, मग लिंकर ‘इनकंपॅटिबल’ म्हणून त्या टाळत बसतो. किंवा त्याहून वाईट, हेडर लॅपटॉपचे आणि लायब्ररी बोर्डाच्या अशी मिसळ होऊन बिल्ड पास होतं आणि बोर्डावर कुठेतरी भलतीकडेच क्रॅश होतं. बोर्डाच्या सिस्टिमची पूर्ण प्रत एका फोल्डरमध्ये घ्या, तीच सिसरूट, आणि पीकेजी-कॉन्फिगचं लिबडिर आणि सिसरूट ही दोन्ही व्हेरिएबल्स तिकडे वळवा. सीमेकला टूलचेन फाइल, मेसॉनला क्रॉस फाइल, त्यातही सांगायचं तेच आहे.

हे सगळं जमत नसेल तर क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या टूलच्या यूझर मोडने एआरएमचा कंटेनर लॅपटॉपवर चालवून आत साधं बिल्ड करता येतं. क्रॉसपेक्षा हळू पडतं, पण असले अंदाज घ्यायची वेळच येत नाही. छोट्या प्रोजेक्टसाठी मी आधी तेच करून बघेन.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीचं एक उपयोगी सॉफ्टवेअर आता नव्या जीसीसीवर बिल्डच होत नाही. कोड तर एक अक्षरही बदललेला नाही!

उत्तर : कोड तोच आहे, कंपायलर कडक झालाय. २०२० च्या जीसीसी १० पासून एकच ग्लोबल व्हेरिएबल हेडरमधून अनेक फाइलींत आलं की ‘मल्टिपल डेफिनिशन’ येतं. २०२४ च्या जीसीसी १४ पासून जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं ही वॉर्निंग राहिली नाही, एरर झाली. मला हा बदल योग्य वाटतो, कारण न जाहीर केलेलं फंक्शन इंट परत करतं असं धरलं जायचं आणि त्याने पॉइंटर दिला असेल तर ६४ बिटांतले अर्धे कापले जायचे. एफकॉमनसारखे फ्लॅग देऊन आजची वेळ भागते, पण राहिलेला इन्क्लूड लिहायला एकच ओळ लागते, ती लिहा आणि मूळ प्रोजेक्टला पॅच पाठवा. जीसीसी १५ वर ‘बूल’ वरून भांडण झालं तर स्टँडर्ड ग्नू१७ मागा, कारण आता डीफॉल्ट सी२३ आहे. आणि एआरएम मशीनवर कॉन्फिगर ‘मशीन ओळखू येत नाही’ म्हणालं तर कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब या दोन फाइली नव्या आणून टाका.

प्रश्न : रिलीजची टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) घ्यावी की गिटवरून सोर्स? दोन्ही सारखंच ना?

उत्तर : सारखंच असेल असं नाही. टारबॉलमध्ये तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट असते, गिटमध्ये बहुधा नसते, ऑटोरीकॉन्फ चालवून ती बनवावी लागते. याच फटीतून २०२४ च्या मार्चमध्ये उघड झालेला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलचा प्रकार घडला. ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये बिल्डसाठीची एक एम४ फाइल अशी होती की जी गिटमध्ये नव्हतीच, ती बिल्ड चालू असताना टेस्टच्या फाइलींत दडवलेला घातक कोड बाहेर काढून लायब्ररीत जोडायची. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्यांनी माग काढला. म्हणून जमेल तिथे गिटच्या सही केलेल्या टॅगवरून बिल्ड करा. टारबॉलच घेतली तर तिची सही तपासा, पण एक्सझेडची टारबॉल खुद्द मेंटेनरकडूनच आली होती, सहीने ती अडली नसती हेही समजून असा.

प्रश्न : जीपीएल लायसन्सचं सॉफ्टवेअर चार प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड करून मित्रांना वाटतोय, पैसे घेत नाही. तरी सोर्स द्यावा लागतो का?

उत्तर : हो, पैशांचा संबंध नाही, बायनरी दिली की सोर्सही द्यायचा. आणि सोर्स म्हणजे नुसत्या .सी फाइली नाहीत, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही त्यात मोजलेल्या आहेत. एलजीपीएलची लायब्ररी स्टॅटिक जोडली असेल तर घेणाऱ्याला ती बदलून पुन्हा लिंक करता यायला हवी, म्हणजे सोर्स नसेल तर निदान ऑब्जेक्ट फाइली द्याव्या लागतात. एमआयटी, बीएसडी लायसन्सला कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा पूर्ण मजकूर सोबत ठेवला की पुरतं. तेव्हा तुमचे पॅच, टूलचेन फाइल, कंटेनरची फाइल आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मला दिलेली कॉन्फिगरची अख्खी ओळ हे सगळं सोर्सच्या त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि बायनरीच्या शेजारीच द्या.